किटलीची वार्ता

जपानमधील झोजिरुशी कंपनीने २००१ साली पाणी तापविण्याचे एक विजेचे भांडे बाजारात आणले. एकटी राहणारी वृद्धा चहासाठी त्यातून पाणी घेते, आणि त्याची वार्ता संदेशाने दूरच्या मुलाला पोहोचते. भांडे वापरले गेले नाही, तर त्याने चौकशी करावी, एवढीच योजना. घरात कॅमेरा नाही, की रोजची उलटतपासणी नाही.

यातला संकोच मला मोलाचा वाटतो. पुष्कळ वृद्धांना मरणापेक्षा परस्वाधीनतेचे भय अधिक असते. आपल्या हाताने चहा करून पिण्यातले स्वातंत्र्य त्यांना इतरत्र मिळत नाही. मात्र भांडे बातमी देते, हे आईला ठाऊक असले पाहिजे. तिच्या नकळत ठेवलेली पाळत प्रेमापोटी असली, तरी पाळतच होय.

उरतो प्रश्न मुलाचा. चौथी आज्ञा आईबापांची नुसती खबर ठेवण्याविषयी नाही, मान राखण्याविषयी आहे. क्रूसाजवळ उभ्या असलेल्या योहानाने मरियेला आपल्या घरी नेले. आखातात वा कॅनडात नोकरी करणाऱ्या आपल्या वसईच्या मुलांना ते शक्य नसेल. त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि आम्ही धर्मगुरू तो जरा अधिकच देतो. परंतु यंत्राने एक पळवाट बंद केली आहे. दाराशी पडलेला लाजर दिसलाच नाही, असे त्या श्रीमंताने म्हटले असते. ज्याच्या हाती रोज संदेश येतो, त्याला तसे म्हणता येणार नाही. आईने सकाळी पाणी घेतले, हे त्याला कळते. चहा एकटीने घेतला की शेजारीण आली होती, हे मात्र आईलाच विचारावे लागेल.