सीमेवरचे उतारवय

बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्याला कौटिल्याने अर्थशास्त्रात दंड सांगितला आहे. निवृत्तीआधी हिशेब करणे हे कर्तव्यच, असा त्याचा अर्थ. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला तर हा हिशेब कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांचा करावा लागतो. निपाणीतच राहावे की कोल्हापूर गाठावे? बेळगाव धरून राहावे की शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात घर बांधावे?

पेन्शनवरचा प्राप्तिकर केंद्राचा. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे तो सारखाच. व्यवसाय कराला वर्षाला 2,500 रुपयांची घटनात्मक मर्यादा आहे, आणि नोकरी संपली की पगारातली ती कपातही थांबते. 2017 पासून जीएसटीही एकच. फरक उरतो तो मुख्यतः घरखरेदीत. ऑगस्ट 2025 अखेर कर्नाटकाने नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के केले. महाराष्ट्रात ते एक टक्का, तेही 30,000 रुपयांपर्यंतच. 50 लाखांच्या घराला कर्नाटकात एवढ्यानेच 70,000 रुपये जास्त पडतात. रक्कम लहान नाही, पण ती एकदाच भरायची असते. शिवाय जो दर एका आदेशाने दुप्पट होतो, त्याच्यावर विसंबून पुढची वीस वर्षे बेतता येत नाहीत.

सवलतींचेही तसेच. कर्नाटकात 2023 पासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्या, पण इथल्या सोयरिकी राज्ये पाहून झालेल्या नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातलाच चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. लेक एका राज्यात, माहेर दुसऱ्यात. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी-खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला सुचवले. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकालाची वाट पाहत म्हातारपण थांबत नाही.

माझ्या मते उतारवयातला सर्वांत जड भार परावलंबनाचा असतो. बेळगावात जमिनीचा उतारा आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये येतात. ज्याला ते वाचता येत नाहीत, त्याला मुले पुण्या-बेंगळुरूला गेल्यावर प्रत्येक कागदासाठी कुणाची तरी मनधरणी करावी लागते. कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये कागद वाचता येतील. पण रात्री छातीत दुखले तर दार कुणाचे वाजवायचे? बेळगावातला चाळीस वर्षांचा शेजार, ओळखीचा डॉक्टर, 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आणि अडीच हजार फुटांवरची थंड हवा, यांची नोंद कोणत्याच दस्तात होत नाही.

म्हणून ज्याची माणसे इथे आहेत त्याने इथेच राहावे, आणि साठीत कन्नड लिपी शिकावी. त्याने मराठीवरचा हक्क सुटत नाही. पंधरा टक्के किंवा अधिक भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हे तत्त्व देशाने मान्य केलेले आहे. ते मागत राहावे. ज्याची माणसे पलीकडे गेली, त्याने खुशाल हद्द ओलांडावी. दरांचा तक्ता जरूर मांडावा, पण माणसांची यादी आधी करावी.