पान कुणाच्या मापाचं?

माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी असताना ‘पंढरपूर किती राहिलं?’ असं विचारा. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, मग पंढरपूर, असं उत्तर येईल. किलोमीटर क्वचितच कुणी सांगेल. वारीत ज्ञानेश्वरीचा दाखलाही असाच दिला जातो: अध्याय नववा, ओवी अमुक. एकाकडे मोठ्या टायपातली जाडजूड प्रत, दुसऱ्याकडे पिशवीत मावणारी, तिसऱ्याच्या हातात मोबाइल. ‘पान २१२ काढा’ म्हटलं तर तिघं तीन ठिकाणी जातील.

ईबुकाची गोची नेमकी हीच आहे. तुमच्या फोनवर ३०० पानांचं असलेलं पुस्तक आजोबांनी अक्षर मोठं केलं की ७०० पानांचं होऊ शकतं. मग पुस्तक विकताना आकडा कुठला सांगायचा? फाइलच्या आकारावरून अंदाज बांधावा तर मराठीची आणखी पंचाईत. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘ज्ञानेश्वरी’ कानाला चार अक्षरांची, यंत्राला ३३ बाइटची!

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, आणि त्यावर उत्तरही होतं. हाताने पोथ्या उतरवणारे लेखक मजकूर ‘ग्रंथा’त मोजत. इथे ग्रंथ म्हणजे ३२ अक्षरं, अनुष्टुभ छंदातल्या एका श्लोकाइतकी. गद्य असलं तरी माप तेच. पोथीचं पान लांब असो की आखूड, अक्षर बारीक असो की ठळक, ग्रंथसंख्या बदलत नसे. नकलेची मजुरीही तिच्यावर ठरवता येई. देणाऱ्याला शंका आली तर तो स्वतः मोजू शके.

आज मजुरी पुन्हा पानांवर आली आहे. जुलै २०१५ पासून अ‍ॅमेझॉन किंडल अनलिमिटेडमधल्या लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे देते. अक्षर लहानमोठं करून फरक पडू नये म्हणून कंपनीने स्वतःचं एक प्रमाणित पान ठरवलं. कल्पना वाईट नाही. पण ते पान मोजण्याची नेमकी रीत कंपनीकडेच राहते. लेखकाला फक्त आकडा कळतो. काहींनी मग वेगळीच युक्ती काढली. सुरुवातीलाच शेवटच्या पानाची लिंक द्यायची. वाचक उडी मारून तिथे पोचला की मधली सगळी पानं ‘वाचली’ म्हणून धरली जायची. ही लबाडीच, यात वाद नाही. पण वाचकाचा वेळ हा लेखकाच्या पोटाचा हिशोब झाला आणि तो तपासायची सोय कुणालाच नसली, तर सगळा दोष लबाडी करणाऱ्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

ओवीचं माप तरी कुठे निर्दोष आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. वि. का. राजवाड्यांनी १९०९मध्ये छापलेल्या ज्ञानेश्वरीतली ओव्यांची संख्या रूढ प्रतीशी जुळत नाही. पण दोन्ही प्रती शेजारी ठेवून कोणती ओवी कुठे गळली, कुठे वाढली, हे तुम्हीही बघू शकता. त्यावर भांडता येतं.

म्हणून मराठी ईबुक विकणाऱ्यांनी पानांच्या अंदाजाऐवजी शब्दसंख्या आणि प्रकरणांची लांबी छापावी, एवढंच माझं मागणं आहे. ‘यंदा पन्नास पुस्तकं’ असा संकल्प सोडणाऱ्यांची त्याने थोडी अडचण होईल, कारण मग चाळीस पानी पुस्तिका आणि जाड कादंबरी दोन्ही ‘एक पुस्तक’ म्हणून खपवणं जड जाईल.