वतन आणि हुद्दा

हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या देवळाकडे जाताना पानपट्टीच्या दुकानांतून चुन्याच्या डब्या मांडलेल्या दिसतात, तेव्हा आपल्या आतिथ्याचे अंग होऊन बसलेला हा शुभ्र पदार्थ एखाद्या अजाण मुलाच्या हातून डोळ्यात उडाला तर काय अनर्थ करतो, हा विचार मनातून जात नाही. चुना पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, तर भाजतोच. पण खरा घात होतो तो बुबुळाचे काळे आणि डोळ्याचे पांढरे जेथे भेटतात त्या अरुंद कडेचा. पारपटलावरचा अभिस्तर, म्हणजे पेशींचा वरचा थर, नित्य झिजतो आणि त्याची भरपाई करणाऱ्या मूलपेशी त्या कडेवरच वस्ती करून असतात. कड मेली की शेजारच्या आवरणाच्या पेशी सीमा ओलांडून आत शिरतात, त्यांच्यामागून रक्तवाहिन्या येतात आणि काचेसारखा निर्मळ पडदा धुरकट होतो. अशा डोळ्यावर दात्याचे पारपटल बसवूनही ते सहसा टिकत नाही, कारण त्याची रोजची निगा राखणारे कोणी उरलेले नसते.

ह्या पेशी ओळखायच्या कशा? नुसत्या रूपावरून त्यांची खात्री पटत नाही. म्हणून शास्त्रज्ञ काही विशिष्ट प्रथिनांना चिन्हके मानतात, जणू दफ्तरातले शिक्केच. शिक्का उपयोगी असतो ह्यात शंका नाही. परंतु शिक्का पाहणाऱ्याला हळूहळू असे वाटू लागते की ज्याच्या अंगावर तो आहे त्याला तो जन्मतःच मिळालेला आहे, पिढीजात वतनासारखा. मूलपेशीविषयीची ही वतनदारीची कल्पना मला चुकीची वाटते.

१९७५ साली जॉन केर्न्स यांनी असे अनुमान मांडले की विभाजनाच्या वेळी मूलपेशी जुना डीएनए-धागा स्वतःकडे राखते आणि नवी नक्कल कन्यापेशीला देते. म्हणजे मूळ सनद घरातच राहते. केसांच्या मुळाशी असणाऱ्या मूलपेशींवर हे अनुमान तपासणाऱ्यांत संजीव वाघमारे होते, ज्यांनी पुढे खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेत अभिस्तराच्या मूलपेशींवरच काम चालवले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तुडोरिता तुंबार यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर झालेल्या ह्या कामाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला: गुणसूत्रांची वाटणी यादृच्छिक होते. सनद कोणी राखून ठेवत नाही.

आतड्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. त्याचे अस्तर चार-पाच दिवसांत बदलते. २००७ साली नेदरलँड्समधील निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांनी दाखवले की अस्तरातील खोलगट कुप्यांच्या तळाशी एलजीआर-५ ही खूण धारण करणाऱ्या पेशी हे सारे काम करतात. मग २०११ साली, नेमक्या ह्याच पेशी मारता येतील अशी जनुकीय योजना केलेल्या उंदरांत त्या मारून पाहण्यात आल्या, आणि अस्तर ढासळले नाही. दुसरी खूण वागवणाऱ्या पेशी पुढे आल्या व त्यांनी ती जागा भरली. जागेने आणि शेजाराने दिलेल्या आदेशाने जे मिळते ते वतन नव्हे, हुद्दा होय. अर्थात हुद्द्यावर कोणालाही केव्हाही बसवता येते, असे मात्र नाही: २०१४ साली दिसून आले की किरणोत्साराने आतडे भाजल्यानंतर एलजीआर-५ धारण करणाऱ्या पेशी नसतील तर अस्तर सावरत नाही. सुकाळात चालणारा बदली कारभारी दुष्काळात चालतोच असे नाही.

म्हणून शिक्का फेकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी व मिकेले दे लूका यांनी २००१ साली सहकाऱ्यांसह पी-६३ हे प्रथिन डोळ्याच्या कडेवरील मूलपेशींची अशी खूण म्हणून पुढे आणले. २०१० साली त्यांच्या गटाने ही कड गमावलेल्या ११२ रुग्णांचा वृत्तांत दिला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ज्या कलमांत वसाहत करणाऱ्या पेशींपैकी शेकडा ३ हून अधिक पेशींत ही खूण ठळक होती, त्यांत यश शेकडा ७८. जेथे ती ३ किंवा त्याहून कमी, तेथे अवघे ११. येथे शिक्क्याची किंमत ठरली ती डोळा निवळला की नाही ह्यावरून.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जी रीत सांगितली तिच्यात प्रयोगशाळाही नाही आणि खुणांची तपासणीही नाही. निरोगी डोळ्याच्या कडेचा सुमारे २ मिलिमीटर लांबीरुंदीचा तुकडा घेऊन, त्याचे आठ-दहा कण करून, ते भाजलेल्या डोळ्यावर अंथरलेल्या गर्भवेष्टनाच्या पापुद्र्यावर चिकटवतात. तेथूनच अभिस्तर पसरत जातो. आपल्या देशातील गरीब रुग्णाच्या दृष्टीने ह्या काटकसरीचे मोल मला फार वाटते.

दोन्ही डोळ्यांत चुना गेलेल्या मुलाजवळ मात्र अशी निरोगी कड उरलेली नसते. २००४ साली जपानमध्ये कोहजी निशिदा यांनी चार रुग्णांच्या तोंडातील आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून त्यांचा पातळ थर पारपटलावर बसवला. गालाच्या आत आयुष्य काढलेल्या त्या पेशींनी चारही डोळ्यांवर पारदर्शक थर धरला, आणि चौघांचीही दृष्टी सुधारली.