पहिल्या पसंतीची किंमत

2025-26 पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. तोवर ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती होती. धाराशिव जिल्ह्यातली दहावी झालेली मुले तोपर्यंत गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात एक अर्ज टाकत, लातूरला दुसरा टाकत आणि शेवटी जमेल तिथे जात. आता अर्ज एकच, त्यात जास्तीत जास्त दहा महाविद्यालये, आणि एक नियम: पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. पहिल्याच वर्षी पहिल्या फेरीत साडेचार लाखांहून अधिक मुलांना पहिली पसंती मिळाली. म्हणजे तेवढ्या घरांचा निर्णय पसंतीक्रम भरला त्याच दिवशी होऊन गेला होता.

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे ‘कॅप’च्या, फेऱ्यांत ही बांधिलकी आणखी रुंद आहे. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी कोणतीही जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते. चौथी फेरी शेवटची.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांतही बांधिलकीची ‘अर्ली डिसिजन’ नावाची पद्धत आहे. विद्यार्थी नोव्हेंबरच्या सुमारास एकाच महाविद्यालयाला अर्ज करतो आणि प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, असे लिहून देतो. त्या शब्दाच्या बदल्यात त्याची शक्यता वाढते. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की लवकर अर्ज केल्याचा फायदा सॅट परीक्षेत शंभर गुण जास्त मिळवण्याएवढा असतो. पण हा शब्द कोण देऊ शकतो? ज्याला चार ठिकाणच्या आर्थिक मदतीची तुलना करायची गरज नाही तो. हे ओळखूनच प्रिन्स्टन विद्यापीठाने 2006 साली ही पद्धत बंद करण्याचे ठरवले. 2011 मध्ये लवकर अर्जाची सोय परत आणली, ती बांधिलकी वगळून.

आपल्याकडे बांधिलकी आहे, पण तिच्या बदल्यात काहीच मिळत नाही. कॅपमध्ये संगणक गुणवत्ता यादीप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या पसंतीक्रमात वरून खाली जात जिथे जागा शिल्लक असेल ती देतो. एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले म्हणून ते लवकर मिळत नाही. पाचव्या क्रमांकावर लिहिले म्हणून हुकतही नाही. तरीही ‘जवळचं पहिलं टाका, म्हणजे हातचं जाणार नाही’ हा सल्ला गावोगाव दिला जातो. परंड्याचा किंवा भूमचा मुलगा सावधगिरी म्हणून जवळचे महाविद्यालय पहिले टाकतो, ते पहिल्याच फेरीत मिळते आणि तो तिथेच अडकतो. त्याच गुणांवर पुण्याची जागा मिळाली असती, हे नंतर कट-ऑफची यादी पाहिल्यावर कळते.

यात मुलाचा दोष किती? फॉर्म भरायचे दिवस जून-जुलैचे. पाऊस झाला की सोयाबीनच्या पेरणीची घाई, घरातला पैसा बी-खतात गेलेला. पसंतीक्रम भरला जातो तो बहुतेकदा नेट कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात. बाहेर रांग असते. ऑपरेटर विचारतो, ‘पहिलं कुठलं टाकू?’ मुलगी वडिलांकडे बघते, वडील ऑपरेटरकडे बघतात. चार वर्षांचा निर्णय काही मिनिटांत होतो. पुण्या-मुंबईच्या घरात हेच काम पैसे मोजून नेमलेला समुपदेशक मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ समोर ठेवून करतो.

बांधिलकीचा नियमच चुकीचा आहे, असे मला वाटत नाही. एका मुलाने जागा अडवून ठेवायची आणि शेवटी सोडायची, यात मागच्या मुलाचे नुकसान होते. जागा रिकाम्या राहतात. पण बांधून घ्यायचे असेल तर आधी पूर्ण माहिती देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुण्यात वसतिगृह मिळेल का, मेसचा महिन्याचा खर्च किती, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फी किती माफ होईल, पंजाबराव देशमुख योजनेचा निर्वाह भत्ता कधी हातात येईल, याची उत्तरे प्रवेशानंतर शोधावी लागतात. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर 2024-25 पासून शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. ही एक गोष्ट माहीत असली तरी कळंबच्या एखाद्या मुलीची पहिली पसंती बदलू शकते.

2018 मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित ठरवले, त्यांत आपला धाराशिव जिल्हा होता. इथल्या मुलांची आकांक्षा पसंतीच्या यादीतच खाली सरकत असेल, तर त्या नावाला अर्थ राहत नाही. आठही तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पसंतीक्रम भरायच्या आधी एक दिवस पालकांना बोलवा. मागच्या वर्षीचे कट-ऑफ, फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती फळ्यावर मांडा. आणि मुलांनो, जे महाविद्यालय खरोखर हवे आहे तेच पहिले लिहा. त्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मात्र वरच्या तीन आणि सहा जागांत तेच लिहा, जे मिळाल्यावर मागे वळून बघावे लागणार नाही.