व्यंग घेऊन आलेले बाळ : दोष कुणाचा?

सातारा-सांगली भागातील खेड्यांत आजही ग्रहणकाळात गर्भवती स्त्रीला विळी-चाकू हाती धरू देत नाहीत. काही कापले-चिरले तर बाळ व्यंग घेऊन येते, हा समज आपल्या मुस्लिम घरांतही शिरला आहे. मग पाठीचा कणा उघडा राहिलेले किंवा आतड्याचा मार्ग बंद असलेले बाळ जन्मले, की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : ग्रहण पाळले नाहीस का?

या प्रश्नाचे उत्तर हिजरी सन 10 मध्येच मिळाले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक या दोहोंचा संबंध जोडू लागले. पुत्रशोकाने डोळे पाणावलेल्या त्या पित्याने त्यांना निक्षून सांगितले, की ग्रहण ही अल्लाहची निशाणी आहे. कुणाच्या जन्ममृत्यूशी तिचा संबंध नाही.

मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. हिर्शस्प्रुंगच्या विकारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच पोहोचत नाहीत. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. यात आईचा गुन्हा कोणता?

मग तकदीर म्हणून स्वस्थ बसावे काय? नाही. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास मज्जारज्जूची पुष्कळ व्यंगे टळतात. पूर्वी असे मूल झालेल्या मातेला अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवावी. चुलत-मामे भावंडांचा विवाह शरीअतने वैध ठेवला आहे, अनिवार्य केलेला नाही. घराण्यात व्यंगाचा इतिहास असेल तर विवाहापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हेच शहाणपण. नवजात बाळाने 48 तासांत पहिला काळा मळ टाकला नाही, पोट फुगले, तर गंडेदोरे न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेने अशी अनेक बाळे वाचतात.

आणि सारे प्रयत्न करूनही जे बाळ काही तासच जगते, त्याचे काय? शरीअत त्यालाही नाव देते, गुस्ल देते, त्याची जनाजाची नमाज अदा करते. अल्लाहपाशी माणसाचे मोल आयुष्याच्या लांबीवर ठरत नाही. ज्याला शरीअतने एवढा मान दिला, त्याच्या आईला आपण दोष देणार काय? ते बाळ तिची कसोटी असेल. पण तिच्याशी आपण कसे वागतो, ही आपली कसोटी आहे, आणि तिचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.