प्रेमाचा साक्षीदार

कुमारवयीन मुलामुलींच्या मैत्रीच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांविरुद्ध वडीलधाऱ्यांची फिर्याद जुनीच आहे, ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या क्रमिक पुस्तकात दडवून वाचणाऱ्या पिढीने आपल्या नातवंडांवर तीच फिर्याद नव्याने गुदरावी, यात गंमत असली तरी आश्चर्य नाही. फिर्यादीचा मतलब एवढाच की, या पुस्तकांची गोडी म्हणजे प्रेमाची गोडी, आणि ती अकाली लागलेली बरी नव्हे. मला हा मतलबच मुळात चुकीचा वाटतो. या पुस्तकांत प्रेम असते, पुष्कळ असते. परंतु वाचक ज्याच्या ओढीने त्यांच्याकडे येतो ते प्रेम नसून, ते ज्याच्यापाशी बोलून दाखवता येईल असा मित्र होय.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी हा निवेदक, सुऱ्या, चित्रे, फावड्या हे त्याचे सोबती, आणि शिरोडकर. मौजेने २००४ साली काढलेल्या या कादंबरीत नायिकेला नायक आडनावानेच ओळखतो, हे मला तिच्यातील सर्वांत खरे वाटते. आमच्या शाळांची ती रीतच होती: हजेरीपटावरचा शब्द तेवढा मुलाच्या हाती येई, आणि त्या कोरड्या, दप्तरी शब्दातच त्याला आपली सारी आर्तता कोंबावी लागे. आता या दोघांत प्रत्यक्ष संभाषण ते किती? फारच थोडे. पण अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी ती टोळी या थोडक्याचे काय करते ते पाहावे. कोणी वळून पाहिले, ते कोणाकडे, ‘लाइन’ आहे की नुसता भास, यावर जो खल चालतो त्यात एका कटाक्षाची कैफियत होते, तिच्यावर जाबजबाब होतात, आणि मग निकाल लागतो. निकाल बहुधा चुकतो, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या न्यायासनापुढे आल्यावाचून तो कटाक्ष घडलाच नसता, हवेत विरून गेला असता.

आमच्या गावच्या वाचनालयातून मी ही कादंबरी गेल्या पावसाळ्यात पुन्हा आणली. बांधणी दोनदा शिवलेली, कोपरे दुमडलेले, शेवटच्या पानावरच्या चिठोऱ्यावर तारखांच्या जांभळ्या शिक्क्यांची दाटी. पुस्तकावर रेघा मारू नयेत हा नियम न मानणारा कोणी वाचक माझ्या आधी येऊन गेला होता; त्याच्या पेन्सिलीच्या रेघा मी कुतूहलाने (आणि थोड्या असभ्यपणाने) तपासल्या. शिरोडकरच्या पानांवर त्या तुरळक होत्या. मित्रांच्या गप्पांपाशी मात्र समासात उभी, जाड, कागद फाटेल अशी रेघ होती.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला तेव्हा वाचणाऱ्या मुलींनी पत्रांतून एकच धोशा लावला की, कथेतल्या बहिणींची लग्ने कोणाशी होतात ते सांगा, आणि त्यांतली जो व शेजारचा लॉरी यांचे लग्न व्हावे, हे तर सर्वांनी गृहीतच धरले होते. अल्कॉटबाईंनी कोणाच्याही खुशामतीखातर हे लग्न लावणार नाही असे आपल्या रोजनिशीत बजावून ठेवले आणि दुसऱ्या भागात जोला एका मध्यमवयीन जर्मन प्राध्यापकाच्या हवाली केले. वाचकांचा तो राग अजून पुरता शमलेला नाही. शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ वाचून आमच्या घरातही एका मुलीने दोन दिवस अबोला धरला होता. मला मात्र लेखिकेचाच पक्ष योग्य वाटतो. लॉरी हा जोचा श्रोता होता. त्यालाच नवरा केले असते तर जोने आपले मन सांगावे कोणापाशी? वाचकांना वाटले, प्रेम हिरावले गेले. वस्तुतः त्यांना छळत होते ते मैत्रीचे संपणे.

प्रौढांनाही ही पुस्तके खाली ठेववत नाहीत, याचे कारणही मला येथेच दिसते. प्रौढाच्या प्रेमाला साक्षीदार मिळतात ते नोंदणी कार्यालयातले. ते सही करतात, चहा घेतात आणि आपापल्या घरी जातात. पुढे मित्र भेटतात तेव्हा चौकशी कर्जाची, मधुमेहाची आणि मुलांच्या प्रवेशाची होते, आणि ती आपुलकीनेच होते, यात शंका नाही. परंतु ‘ती आज काय म्हणाली?’ असे अधीरतेने विचारणारा इसम आयुष्यातून केव्हा बडतर्फ झाला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘शाळा’च्या अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते, आणि टोळीही पूर्वीसारखी राहत नाही, या दोहोंपैकी मला अधिक लागले ते दुसरे.

अर्थात या जातीची निकृष्ट पुस्तकेही ढिगाने निघतात. ती ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे: ज्या कादंबरीत मित्र केवळ चिठ्ठ्या पोचवण्यापुरता, शिपायासारखा येतो आणि काम होताच दाराबाहेर उभा राहतो, ती खुशाल मिटावी.

आमच्या वाचनालयात ‘चौघीजणी’ बालविभागात आहे आणि ‘शाळा’ प्रौढांच्या कादंबऱ्यांत. तेरा-चौदा वर्षांचे मूल पहिल्या कपाटापुढे लाजते आणि दुसऱ्यापाशी हटकले जाते. ग्रंथपालांस माझी विनंती आहे की, या दोहोंच्या मध्ये एक फळी रिकामी करावी, आणि तिच्यावरचे एकच पुस्तक मागायला दोघे मिळून आले तर दुसऱ्याची वर्गणी भरली आहे की नाही, हे पाहू नये.