दुसरं गाव

शिरूरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकणाऱ्या मुलीनं प्रकल्पासाठी दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं निवडली. यंत्रविक्रेत्याच्या माहितीपत्रकात टनामागे सव्वाशे किलो गूळ असा उतारा छापला होता. तो धरून तिनं वर्षाचा नफा मांडला. वडिलांनी तो हिशेब वाचला आणि गुऱ्हाळासाठी कर्ज काढायचं मनावर घेतलं.

वही पाहून सरांनी विचारलं, "हा उतारा कुणी मोजला?"

"माहीत नाही, सर. पण छापील आहे."

"आपल्या तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक ऐकलंयस ना? पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरमधल्या कुटुंबांची जमीन, मिळकत, कर्ज असं सगळं तपासून १९१७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. पण ते गाव पुण्याजवळचं. शहराच्या कमाईचा आधार असलेल्या एका गावावरून साऱ्या दख्खनचं कसं ठरवायचं? म्हणून कानिटकर या सहकाऱ्याला सोबत घेऊन त्यांनी लांबचं, कोरडवाहू जातेगाव तपासलं. तो अभ्यास १९२१ साली आला. मान यांनी स्वतःचे आकडेसुद्धा दुसऱ्या गावात पडताळले. तू तर विकणाऱ्याचा आकडा तसाच उचललास."

मुलगी केडगाव परिसरातल्या एका गुऱ्हाळावर गेली. काहिलीपाशी उभा गुळव्या म्हणाला, "पोरी, दिवाळीआधीच्या कोवळ्या उसाला अन् जानेवारीतल्या पिकल्या उसाला उतारा सारखा कसा पडंल?" मालकानं आधणांची वही पुढे केली. ऊस किती गाळला, गूळ किती निघाला, रोजची नोंद होती. बहुतेक दिवस उतारा शंभर किलोच्या आसपास होता.

ती तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या गुऱ्हाळाची वही पाहिली. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राची माहिती मिळवून आकडे ताडले. गुळाचे भाव बाजार समितीच्या नोंदींतून घेतले. तेव्हा उलगडा झाला: माहितीपत्रकातला उतारा उत्तम उसाचा, उत्तम महिन्यातला होता. तिनं तो बाराही महिन्यांना लावला होता.

नव्या हिशेबात कर्जाचा हप्ता जाऊन हातात फारसं उरत नव्हतं. वडिलांनी कर्जाचा अर्ज बाजूला ठेवला आणि आधी एक हंगाम दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर ऊस घालून पाहायचं ठरवलं.

तात्पर्य: आकडा हाती आला की तो कुणी, कुठे, कधी आणि कशासाठी मोजला हे विचारावं. मग त्यात ज्याचा काही फायदा नाही, अशा जाणकाराकडून तो पडताळून घ्यावा. त्या आकड्यावर कुणाचं तरी घर उभं राहणार असतं.